नियमांतून घडलेली दुर्मीळता : जपानी वेगवान सेडान मोटारींच्या मर्यादित आवृत्त्या आणि त्यांची आयात (१९६४ ते २०२५)

सारांश

जपानी मोटार कंपन्यांनी आपल्या सर्वसामान्य चार दरवाजांच्या गाड्यांच्या काही मोजक्या आवृत्त्या कारखान्यातच अधिक शक्तिमान करून विकल्या. त्यांची संख्या कधी शंभर, कधी चारशे, कधी अडीच हजार अशी होती. आज या गाड्या जगभरच्या संग्राहकांच्या शोधाचा विषय झाल्या आहेत. त्यांच्या दुर्मीळतेचे श्रेय सामान्यतः अभियंत्यांच्या कौशल्याला किंवा कंपनीच्या विक्रीनीतीला दिले जाते. प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन केले आहे की, ही दुर्मीळता मुख्यतः नियमांची निर्मिती आहे. स्पर्धेच्या नियमांनी या गाड्या जन्माला घातल्या, शासकीय संकेतांनी त्यांचे रूप ठरवले आणि आयातीच्या कायद्यांनी त्यांचे मूल्य व त्यांचा भूगोल निश्चित केला.

बीजसंज्ञा : मोटार उद्योग, जपान, स्पर्धामान्यता, आयात कायदे, औद्योगिक वारसा.

१. प्रास्ताविक

मोठ्या प्रमाणावरील औद्योगिक उत्पादन आणि दुर्मीळता या दोन संकल्पना परस्परविरोधी वाटतात. हस्तलिखित, नाणे किंवा मूर्ती दुर्मीळ असते, कारण काळाच्या ओघात तिचे सोबती नष्ट झालेले असतात. कारखान्यातून लाखोंच्या संख्येने बाहेर पडणाऱ्या मोटारीबाबत मात्र दुर्मीळतेची अपेक्षा कोणी करत नाही. असे असूनही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानमध्ये अशा काही गाड्या निर्माण झाल्या, ज्या जन्मतःच दुर्मीळ होत्या. बाहेरून पाहता त्या एखाद्या मध्यमवर्गीय कुटुंबाच्या चार दरवाजांच्या गाडीसारख्याच दिसत. अंतरंग मात्र शर्यतीच्या गाडीचे असे.

या विषयाकडे दोन कारणांसाठी इतिहासाच्या अभ्यासकाने लक्ष द्यावयास हवे. पहिले कारण असे की, वस्तू आणि कायदा यांचे नाते येथे अत्यंत स्पष्टपणे दिसते. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. एखादी वस्तू केव्हा 'धोकादायक जुने यंत्र' असते आणि केव्हा 'जतन करण्याजोगा वारसा' होते, याचा निर्णय अनेकदा इतिहासकार नव्हे, तर सीमाशुल्क आणि वाहतूक खाती करतात. त्या निर्णयाचे परिणाम मूळ देशाच्या वारशावर होतात.

लेखाची व्याप्ती चार दरवाजांच्या गाड्यांपुरती मर्यादित आहे. दोन दरवाजांच्या गाड्यांचा उल्लेख संदर्भापुरताच केला आहे.

२. पहिल्या शंभर गाड्या

या परंपरेचा आरंभबिंदू १९६४ मधील दुसऱ्या जपान ग्रां प्री स्पर्धेत सापडतो. सुझुका येथील या स्पर्धेत भाग घेण्यासाठी प्रिन्स मोटर कंपनीने आपल्या चार सिलिंडरच्या साध्या स्कायलाइन सेडानमध्ये मोठ्या ग्लोरिया गाडीचे सहा सिलिंडरचे दोन लिटर इंजिन बसवले. ते इंजिन मूळ जागेत मावत नव्हते, म्हणून गाडीचा पुढचा भाग सुमारे २०० मिलिमीटरने लांबवण्यात आला. ज्या गटात ही गाडी उतरवायची होती, त्याच्या नियमानुसार किमान १०० गाड्या तयार होणे आवश्यक होते. प्रिन्सने तेवढ्या गाड्या तयार केल्या.

स्पर्धेत पोर्शे ९०४ ही खास शर्यतीसाठी घडवलेली जर्मन गाडी पहिली आली, तर स्कायलाइन गाड्यांनी दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचे क्रमांक पटकावले. एका फेरीत तेत्सु इकुझावा यांच्या स्कायलाइनने पोर्शेला मागे टाकले. चौकोनी बांध्याच्या जपानी कौटुंबिक गाडीने युरोपीय शर्यतीच्या गाडीपुढे क्षणभर का होईना, धाव घेतली, हे दृश्य युद्धोत्तर जपानी समाजमनात दीर्घकाळ टिकून राहिले. पुढे १९६५ मध्ये स्कायलाइन २००० जीटी या नावाने ही गाडी नियमित विक्रीस आली. १९६६ मध्ये प्रिन्स कंपनी निस्सानमध्ये विलीन झाली आणि फेब्रुवारी १९६९ मध्ये निस्सानने १६० अश्वशक्तीची स्कायलाइन २००० जीटी-आर बाजारात आणली. या नावाची पहिली गाडी चार दरवाजांची होती, हे आज अनेकांच्या विस्मरणात गेले आहे.

येथे एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. १०० हा आकडा ग्राहकांच्या मागणीचा अंदाज घेऊन ठरलेला नव्हता. तो स्पर्धेच्या नियमपुस्तिकेतून आला होता. ज्या गाडीला शर्यतीत उतरायचे, ती सर्वसामान्य ग्राहकाला विकत मिळाली पाहिजे, हा या नियमाचा गाभा होय. यालाच होमोलोगेशन म्हणजे स्पर्धामान्यता असे म्हणतात. नियमाचा हेतू शर्यत सामान्य गाडीच्या जवळ आणण्याचा होता. प्रत्यक्षात घडले ते उलट : सामान्य गाडी शर्यतीच्या जवळ गेली.

१९७३ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या जीटी-आरच्या अवघ्या १९७ गाड्या तयार झाल्या. तेलसंकट आणि धूरनियंत्रणाचे कठोर नियम यांमुळे ही परंपरा खंडित झाली. जीटी-आर हे नाव त्यानंतर १९८९ पर्यंत पुन्हा वापरले गेले नाही.

३. 'अ' गट आणि दोन प्रतिस्पर्धी

या परंपरेचे पुनरुज्जीवन जागतिक रॅली स्पर्धेच्या नियमबदलातून झाले. १९८६ मध्ये कोर्सिका येथील रॅलीत हेन्री तोइव्होनेन आणि त्यांचे सहचालक सर्जिओ क्रेस्तो यांचा मृत्यू झाल्यानंतर 'ब' गटातील अतिशक्तिमान गाड्यांवर बंदी आली. १९८७ पासून 'अ' गट हा सर्वोच्च गट ठरला. या गटात मान्यता मिळवण्यासाठी बारा महिन्यांत ५,००० गाड्या तयार करणे आवश्यक होते. १९९३ पासून ही अट २,५०० वर आणण्यात आली.

हा बदल जपानी कंपन्यांना अनुकूल ठरला. मोठ्या संख्येने गाड्या विकणे ही त्यांची सिद्ध क्षमता होती. मित्सुबिशीने प्रथम गॅलन्ट व्हीआर-४ या सेडानच्या आधारे रॅलीत प्रवेश केला. परंतु ही गाडी रॅलीच्या अरुंद वळणांसाठी काहीशी मोठी होती. म्हणून तिचे दोन लिटरचे टर्बो इंजिन आणि चारही चाकांना शक्ती देणारी यंत्रणा लहान आकाराच्या लान्सर सेडानमध्ये बसवण्यात आली. ऑक्टोबर १९९२ मध्ये लान्सर एव्होल्यूशन बाजारात आली. तिची शक्ती २५० अश्वशक्ती होती आणि पहिली तुकडी २,५०० गाड्यांची होती. त्यानंतर महिन्याभरातच सुबारूने इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स आणली.

या दोन्ही गाड्यांच्या अंतर्गत आणखी एक भेद होता. एव्होल्यूशनची 'आरएस' आणि इम्प्रेझाची 'टाइप आरए' या आवृत्त्या स्पर्धकांसाठी होत्या. वातानुकूलन, विजेच्या खिडक्या यांसारख्या सोयी त्यांतून काढून टाकलेल्या असत. कमी सोयींची गाडी ही अधिक मोलाची गाडी, असा बाजाराच्या सर्वसाधारण तर्काला छेद देणारा न्याय येथे लागू होत होता. रॅलीत उतरणारा संघ ही गाडी विकत घेऊन तिच्यात आपल्या पद्धतीने बदल करी. त्यामुळे अशा आवृत्त्यांपैकी बऱ्याच गाड्या शर्यतीत झिजून वा मोडून गेल्या आणि दुर्मीळतेत दुसऱ्या मार्गानेही भर पडली.

स्पर्धेतील यश या प्रयत्नांना लाभले. सुबारूने १९९५, १९९६ आणि १९९७ असे सलग तीन वर्षे उत्पादकांचे जागतिक विजेतेपद मिळवले, तर मित्सुबिशीच्या तोम्मी मॅकिनेन यांनी १९९६ ते १९९९ या काळात सलग चार वेळा चालकांचे विजेतेपद पटकावले. १९९७ पासून 'वर्ल्ड रॅली कार' हे नवे नियम लागू झाले. त्यांनुसार हजारो रस्तागाड्या तयार करण्याची अट शिथिल झाली. सुबारूने नवे नियम स्वीकारून दोन दरवाजांच्या गाडीकडे मोर्चा वळवला. मित्सुबिशी मात्र २००१ पर्यंत जुन्या 'अ' गटातच राहिली. म्हणूनच एव्होल्यूशनच्या चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या आवृत्तीत रॅलीची गाडी आणि दुकानातील गाडी यांतील अंतर इतके कमी राहिले. डिसेंबर १९९९ मध्ये जाहीर झालेली सहाव्या आवृत्तीची तोम्मी मॅकिनेन आवृत्ती ही या पर्वाची खूण म्हणून ओळखली जाते.

४. २८० अश्वशक्तींचा संकेत

स्पर्धेच्या नियमांनी गाड्या जन्माला घातल्या, तर जपानमधील एका अलिखित संकेताने त्यांचे रूप निश्चित केले. १९८८ मध्ये जपानमधील रस्ते अपघातांत मृत्यू पावलेल्यांची संख्या १०,००० हून अधिक झाली. या पार्श्वभूमीवर शासनाच्या मार्गदर्शनाखाली वाहन उत्पादकांनी स्वतःहून एक मर्यादा मान्य केली : देशांतर्गत विकल्या जाणाऱ्या गाडीची शक्ती २८० अश्वशक्तींपेक्षा अधिक नसावी. १९८९ मध्ये निस्सानच्या फेअरलेडी झेड गाडीने हा आकडा गाठला आणि तोच कमाल आकडा ठरला. कायद्याचे कलम नव्हते. कंपन्यांचा परस्परसमझोता होता.

या संकेताचा परिणाम एव्होल्यूशनच्या आकड्यांत स्वच्छ दिसतो. पहिली आवृत्ती २५०, दुसरी २६०, तिसरी २७० आणि १९९६ ची चौथी २८० अश्वशक्तींची होती. त्यानंतर मात्र हा आकडा थांबला. पाचवी, सहावी, सातवी, आठवी या सर्व आवृत्त्या कागदोपत्री २८० वरच राहिल्या. तथापि अभियंते थांबले नव्हते. चौथ्या आवृत्तीत टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरता जोर, सुमारे ३६ किलोग्रॅम-मीटर होता. तो २००३ च्या आठव्या आवृत्तीत ४० पर्यंत गेला. शक्तीचा कमाल आकडा बांधला गेला, म्हणून कौशल्य इतरत्र वळले : कमी वेगाला अधिक जोर, चाकांमधील शक्तीचे इलेक्ट्रॉनिक वाटप, हलके भाग, मजबूत ब्रेक. बंधनाने कल्पकता मारली नाही. त्याने तिची दिशा बदलली.

हा संकेत २००४ मध्ये मागे घेण्यात आला आणि त्याच वर्षी होंडाने ३०० अश्वशक्तीची लीजेंड सेडान जपानमध्ये विक्रीस आणली. परंतु त्यापूर्वीच एका विशिष्ट प्रकारच्या गाड्यांनी ही मर्यादा ओलांडली होती. त्यांचा विचार स्वतंत्रपणे करणे आवश्यक आहे.

५. मूळ कारखाना आणि उपकंपनी

मर्यादित आवृत्त्यांची निर्मिती बहुधा मुख्य उत्पादन ओळीवर पूर्ण होत नसे. त्यासाठी कंपन्यांनी उपकंपन्या स्थापन केल्या. १९८६ मध्ये निस्सानने ऑटेक जपान ही संस्था सुरू केली. तिचे पहिले प्रमुख शिनइचिरो साकुराई होते. प्रिन्सच्या काळापासून स्कायलाइनच्या विकासाशी त्यांचे नाव जोडलेले होते. १९६४ ची परंपरा आणि १९९० च्या दशकातील आवृत्त्या यांना जोडणारा हा मानवी दुवा होय. एप्रिल १९८८ मध्ये सुबारूची सुबारू टेक्निका इंटरनॅशनल, म्हणजेच एसटीआय, ही उपकंपनी अस्तित्वात आली.

ऑटेकने १९९८ मध्ये स्कायलाइनच्या चाळिसाव्या वर्षानिमित्त जीटी-आरची चार दरवाजांची आवृत्ती सादर केली. जीटी-आरचे २.६ लिटर इंजिन, चारही चाकांची यंत्रणा आणि ब्रेक त्यात होते. मात्र दोन दरवाजांच्या जीटी-आरची ओळख बनलेला मागील मोठा पंखा जाणीवपूर्वक टाळला होता. अशा सुमारे ४०० गाड्या तयार झाल्या. १९६९ च्या चार दरवाजांच्या मूळ गाडीचे हे स्मरण होते. त्यापूर्वी १९९२ मध्ये ऑटेकने याच इंजिनाची टर्बोविरहित आवृत्ती स्वयंचलित गिअर असलेल्या आर-३२ सेडानमध्ये बसवली होती. तिच्या सुमारे २०० गाड्याच निघाल्या. वेगापेक्षा इंजिनाचा सौम्य, सलग प्रतिसाद हवा असणाऱ्या प्रौढ ग्राहकासाठी ती होती.

एसटीआयने १९९४ मध्ये डब्ल्यूआरएक्सवर स्वतःचे संस्करण केलेली गाडी आणली. १९९८ ची २२ बी ही एसटीआयची सर्वांत प्रसिद्ध गाडी दोन दरवाजांची होती. जपानसाठीच्या तिच्या ४०० गाड्या अल्पावधीत विकल्या गेल्या. सेडानच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची मालिका म्हणजे २००० मध्ये सुरू झालेली 'एस' मालिका. एस २०१ च्या ३०० गाड्या निघाल्या आणि तिची जाहीर शक्ती ३०० अश्वशक्ती होती. २००२ च्या एस २०२ च्या ४०० गाड्या निघाल्या व शक्ती ३२० झाली. समझोता मागे घेतला जाण्याच्या चार वर्षे आधीच २८० ची रेषा ओलांडली गेली होती, ती मुख्य कंपनीच्या नियमित सूचीतील गाडीने नव्हे, तर उपकंपनीने स्वतःच्या नावाने सिद्ध केलेल्या मर्यादित संख्येच्या गाडीने. संकेत पाळणे आणि त्याला वळसा घालणे या दोन्ही गोष्टी एकाच उद्योगसमूहात सुखेनैव नांदत होत्या.

अन्य दोन उदाहरणे नोंदवणे उचित होईल. १९८९ ची मित्सुबिशी गॅलन्ट एएमजी ही सेडान जर्मनीच्या एएमजी संस्थेच्या सहकार्याने तयार झाली. एएमजी त्या वेळी स्वतंत्र संस्था होती. तिच्यात मर्सिडीजच्या मूळ कंपनीचा बहुसंख्य वाटा १९९९ मध्ये आला. म्हणूनच एका जपानी सेडानवर ही तीन अक्षरे झळकू शकली. दुसरे उदाहरण २००७ च्या होंडा सिव्हिक मुगेन आरआरचे आहे. चार दरवाजांच्या सिव्हिक टाइप-आरच्या २२५ अश्वशक्तींऐवजी २४० अश्वशक्ती देणाऱ्या या गाडीच्या ३०० प्रतीच विक्रीस आल्या.

६. जपानमधून बाहेर पडण्याची वाट

या गाड्यांपैकी बहुतेक केवळ जपानी ग्राहकांसाठी होत्या. तरीही आज त्या जगभर विखुरलेल्या दिसतात. या स्थलांतरामागेही एक नियमव्यवस्था आहे. जपानमध्ये १९५१ च्या कायद्यानुसार प्रत्येक गाडीची ठरावीक मुदतीने सक्तीची तपासणी होते. तिला 'शाकेन' म्हणतात. नव्या खासगी गाडीची पहिली तपासणी तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी केली जाते. १९९५ पर्यंत दहा वर्षांहून जुन्या गाडीला दरवर्षी तपासणी आवश्यक होती. तपासणीचा खर्च, विमा आणि पुढे जुन्या गाड्यांवर लागू झालेला वाढीव कर यांमुळे सुस्थितीतील गाडीही मालकाला नकोशी होत असे. परिणामी कमी वापरलेल्या, नीट राखलेल्या गाड्यांचा अखंड ओघ बाजारात येत राहिला.

हा ओघ लिलावगृहांतून वाहतो. प्रत्येक गाडीची तपासणी करून लिलावगृहाचा परीक्षक एक पत्रक भरतो. त्यात गाडीची श्रेणी आणि बांध्यावरील प्रत्येक ओरखड्याची, गंजाची व दुरुस्तीची खूण आकृतीवर नोंदवलेली असते. अपघातानंतर सांगाडा दुरुस्त केलेल्या गाडीला वेगळी श्रेणी मिळते. हजारो मैलांवरील खरेदीदार गाडी न पाहता केवळ या पत्रकावर विसंबून बोली लावतो. ऐतिहासिक साधनांच्या दृष्टीने हे पत्रक एखाद्या दस्तऐवजाइतकेच मोलाचे आहे. विशेषतः मर्यादित आवृत्तीची ओळख पटवताना त्याचा उपयोग होतो, कारण साध्या डब्ल्यूआरएक्सला टाइप आरएचे भाग आणि चिन्हे बसवून तिला दुर्मीळ भासवणे अशक्य नाही. अशा वेळी इंजिनकक्षातील पट्टीवरील प्रतिमान-संकेत आणि सांगाड्याचा क्रमांक हीच अंतिम साक्ष ठरते.

७. आयातीचे कायदे : एकाच गाडीची अनेक वये

जपानमध्ये रस्त्याच्या डाव्या बाजूने वाहतूक चालते. म्हणून ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या देशांना जपानी गाडी जशीच्या तशी चालते. न्यूझीलंडने १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून जुन्या गाड्यांची आयात खुली केली आणि १९९८ मध्ये गाड्यांवरील आयातशुल्क रद्द केले. त्याच वर्षी तेथील मोटारजुळणीचे उरलेले कारखाने बंद पडले. ग्राहकाचा लाभ आणि कामगाराची हानी या एकाच निर्णयाच्या दोन बाजू होत्या.

ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात इम्प्रेझा आणि एव्होल्यूशन यांची समांतर आयात मोठ्या प्रमाणावर झाली. अधिकृत वितरकांकडे न मिळणाऱ्या जपानी आवृत्त्या स्वतंत्र व्यापारी आणू लागले. १९९८ मध्ये अशा एकेकट्या गाड्यांसाठी स्वतंत्र तपासणीची पद्धत लागू झाली. सुबारूच्या अधिकृत यंत्रणेने २००० मध्ये प्रोड्राइव्हच्या साहाय्याने १,००० इम्प्रेझा पी१ गाड्या विक्रीस आणल्या. समांतर आयातीला दिलेले ते उत्तर होते. म्हणजेच आयातीच्या प्रवाहाने स्वतःच एक नवी मर्यादित आवृत्ती जन्माला घातली.

अमेरिकेची कथा याहून वेगळी आणि अधिक परिणामकारक आहे. १९८० च्या दशकात तेथे युरोपीय, विशेषतः जर्मन, गाड्यांची खासगी आयात वाढली होती. १९८८ च्या आयातित वाहन सुरक्षा अनुपालन कायद्याने ती जवळजवळ थांबवली. त्यानंतर अमेरिकी सुरक्षा मानकांनुसार न घडलेली गाडी केवळ नोंदणीकृत आयातदारामार्फत, आवश्यक बदल करूनच आणता येऊ लागली. याला अपवाद होता तो २५ वर्षांहून जुन्या गाडीचा. धूरनियंत्रणासाठी ही मुदत २१ वर्षांची आहे. कायदा झाला तेव्हा त्याच्या कर्त्यांसमोर जुन्या युरोपीय गाड्या होत्या. १९८९ नंतरच्या जपानी सेडान गाड्यांचे भवितव्य आपण ठरवत आहोत, याची कल्पना त्यांना असण्याचे कारण नव्हते.

मुदत पूर्ण होण्याआधी गाडी आणण्याचे काही प्रयत्न झाले. कॅलिफोर्नियातील एका नोंदणीकृत आयातदाराने आर-३३ पिढीच्या स्कायलाइनच्या आघातचाचण्या करून १९९० ते १९९९ मधील स्कायलाइन गाड्यांसाठी पात्रता मिळवली. पुढे असे लक्षात आले की, एका पिढीच्या चाचण्या दुसऱ्या पिढ्यांना लागू पडत नाहीत. त्यामुळे पात्रता जानेवारी १९९६ ते जून १९९८ या काळातील आर-३३ गाड्यांपुरती सीमित करण्यात आली. नावाचे साम्य म्हणजे रचनेचे साम्य नव्हे, हा धडा त्यातून मिळाला. १९९९ पासून ऐतिहासिक वा तांत्रिक महत्त्वाच्या, साधारणतः ५०० हून कमी संख्येने निर्माण झालेल्या गाड्यांसाठी 'प्रदर्शनार्थ' सवलतही उपलब्ध झाली. मात्र अशी गाडी वर्षाला २,५०० मैलांपर्यंतच चालवता येते.

२५ वर्षांची मुदत गाडी निर्माण झालेल्या महिन्यापासून मोजली जाते. जपानी नोंदणीपत्रात मात्र पहिल्या नोंदणीचा महिना असतो. दोहोंत काही महिन्यांचा फरक असू शकतो. त्यामुळे निर्मितीचा महिना शोधण्यासाठी आसनपट्ट्यांवरील तारखेच्या चिठ्ठ्याही पुरावा म्हणून तपासल्या जातात. शिवाय जपानी गाडीचा सांगाडा क्रमांक आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या १७ अक्षरांचा नसतो. अनेक नोंदणी कार्यालयांत ही साधी बाबही अडचण ठरली आहे.

या गणितानुसार पहिली एव्होल्यूशन २०१७ मध्ये, चाळिसाव्या वर्षाची ऑटेक जीटी-आर २०२३ मध्ये आणि एस २०१ व तोम्मी मॅकिनेन आवृत्ती २०२५ मध्ये अमेरिकेसाठी खुली झाली. मुगेन आरआरला २०३२ ची वाट पाहावी लागेल. कॅनडात हीच मुदत १५ वर्षांची आहे. ऑस्ट्रेलियात पूर्वी १ जानेवारी १९८९ ही स्थिर सीमारेषा होती. २०१८ च्या कायद्यातून आलेल्या नव्या व्यवस्थेने तेथेही सरकती २५ वर्षांची पद्धत आणली. एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या दोन गाड्या अशा रीतीने देशोदेशी वेगवेगळ्या वयाच्या ठरतात. एका देशात त्या वैध वाहन असतात, तर दुसऱ्या देशात त्याच दिवशी निषिद्ध माल.

८. भारताची उलट दिशा

भारतात डाव्या बाजूची वाहतूक आणि उजव्या बाजूचे सुकाणू असल्याने जपानी गाड्यांसाठी हा देश स्वाभाविक ठिकाण होता. परंतु २००१ पासूनच्या आयात धोरणाने वापरलेली गाडी निर्मितीपासून तीन वर्षांहून जुनी नसावी अशी अट घातली आणि अशा गाड्यांसाठी मुंबई बंदर हेच प्रवेशद्वार ठरवले. २०१३ मध्ये वापरलेल्या गाड्यांवरील मूलभूत सीमाशुल्क १०० टक्क्यांवरून १२५ टक्के करण्यात आले. अमेरिकी कायदा जुन्या गाडीला प्रवेश देतो आणि नव्या गाडीला अडवतो. भारतीय धोरणाने याच्या नेमके उलट केले. देशी उद्योगाचे रक्षण आणि परदेशातील टाकाऊ वाहनांपासून बचाव ही त्यामागील दृष्टी समजण्यासारखी आहे. तिचा परिणाम असा की, ज्या वयात या गाड्या संग्राह्य होतात, त्या वयात त्यांना भारताचे दार बंद असते.

भारतीय वाचकाला या घराण्याचा साधा सदस्य मात्र परिचित आहे. १९९८ पासून तमिळनाडूतील तिरुवल्लूर येथे मित्सुबिशी लान्सरची निर्मिती होत होती. त्या शांत, प्रतिष्ठित सेडानचा रॅलीतील भाऊबंद जगाच्या दुसऱ्या टोकाला बर्फावरून आणि खडीवरून धावत होता. २०१० मध्ये एव्होल्यूशनची दहावी आवृत्ती तयार गाडीच्या स्वरूपात भारतात अधिकृतपणे विक्रीस आली, तोवर 'अ' गटाचे युग संपून एक दशक उलटले होते.

९. वारसा कोणाचा?

आयातीची मुदत पूर्ण होणे ही आता केवळ कायदेशीर बाब राहिलेली नाही. मुदत जवळ आली की मागणी वाढते, व्यापारी आधीच गाड्या घेऊन साठवतात आणि जपानमधील किमती चढतात. ज्या जपानी तरुणाने पूर्वी अशी गाडी जुन्या बाजारातून परवडणाऱ्या किमतीत घेतली असती, त्याला आता परदेशी खरेदीदाराशी स्पर्धा करावी लागते. चारशे वा तीनशे गाड्यांच्या आवृत्तीतील प्रत्येक निर्यात मूळ देशातील साठ्यात जाणवणारी घट करते. चित्रे आणि मूर्ती यांच्या निर्यातीवर अनेक देशांत निर्बंध आहेत. कारखान्यातील वस्तूला असे संरक्षण सहसा लाभत नाही, कारण ती 'माल' समजली जाते.

याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. निर्यात झाली नसती, तर यांपैकी अनेक गाड्या भंगारात गेल्या असत्या. तपासणी आणि कर यांच्या भाराखाली मूळ देश ज्यांना टाकू पाहत होता, त्यांना परदेशी संग्राहकांनी वाचवले. ज्या व्यवस्थेने गाडी जपली, त्याच व्यवस्थेने ती मूळ ठिकाणापासून दूर नेली. संग्रहालयशास्त्रातील जुना वाद येथे मोटारीच्या रूपाने पुन्हा उभा राहतो.

२०१९ मध्ये सुबारूने एस २०९ ही सेडान केवळ अमेरिकेसाठी काढली. तिच्या २०९ गाड्या होत्या. जपानबाहेर विकली गेलेली 'एस' मालिकेतील ही पहिली आवृत्ती. या वेळी जपानी ग्राहकालाच ती दुर्लभ ठरली. दुर्मीळतेचा भूगोल पूर्णपणे उलटला होता.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) जपानी सेडान गाड्यांच्या मर्यादित आवृत्त्यांची संख्या प्रारंभी स्पर्धामान्यतेच्या नियमांनी ठरली. १९६४ मधील १०० आणि १९९२ मधील २,५०० हे आकडे नियमपुस्तिकेतील आकड्यांचेच प्रतिबिंब होते. २००० नंतरच्या आवृत्त्यांत मात्र नियमाची जागा विक्रीनीतीने घेतली. दुर्मीळता आधी अट होती, नंतर आकर्षण झाली.

(२) २८० अश्वशक्तींचा समझोता हा कायदा नसूनही तंत्रविकासाला वळण देणारा ठरला आणि त्यानेच उपकंपन्यांच्या विशेष आवृत्त्यांना वेगळे स्थान मिळवून दिले.

(३) गाडीचे मूल्य तिच्या गुणांइतकेच आयातीच्या मुदतींवर अवलंबून राहिले. २५, १५ वा ३ वर्षांची मुदत ही सुरक्षा, धूरनियंत्रण वा उद्योगसंरक्षण यांसाठी आखलेली होती. वारशाचा विचार तिच्यामागे नव्हता. तरीही कोणती वस्तू कोठे टिकेल हे तिनेच ठरवले.

(४) औद्योगिक वस्तूंच्या इतिहासलेखनासाठी नोंदणीपत्र, निर्यात प्रमाणपत्र, लिलावपत्रक आणि सांगाडा क्रमांक ही प्राथमिक साधने म्हणून स्वीकारली जाणे आवश्यक आहे. गाडीचे भाग बदलता येतात, रंग पालटता येतो. कागदोपत्री वंशावळ मात्र एकदा तुटली की पुन्हा जुळवता येत नाही.

अभियंत्यांच्या प्रतिभेचे मोल यामुळे कमी होत नाही. उलट, नियमांच्या चौकटीत राहून त्यांनी साध्या कौटुंबिक गाडीत जे सामर्थ्य ओतले, ते अधिक उठून दिसते. परंतु त्या सामर्थ्याची साक्ष देणाऱ्या गाड्या पुढील पिढीला कोणत्या देशात पाहावयास मिळतील, याचा निर्णय कारखान्यात झालेला नाही. तो बंदरांवर झाला आहे आणि अद्याप होत आहे.